हॅमस्टरसाठी मोठ्या स्टोरेज बॉक्सचं घर

तारेच्या पिंजऱ्यातून भुसा घरभर उडतो आणि बिचाऱ्याला पळायला जागाही नसते, त्यापेक्षा रजया ठेवायचा सगळ्यात मोठा बॉक्स घ्या.

१. बुडाला त्रिकोणात ५ लिहिलेलं बघा, म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक), तो सहसा तडकत नाही.

२. झाकणाचा मधला भाग कापा, कडेला चार बोटं सोडा, भोकं पाडताना खाली लाकडाचा तुकडा ठेवाच. मग अर्ध्या इंचाहून बारीक जाळी (इंदूरला सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्यांकडे मिळते) नट-बोल्ट आणि वायसरने कसून बसवा. चिकटवू नका, हॅमस्टर कुरतडतो. जाळीची टोकं आत येऊ देऊ नका, पंजाला लागतात.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बॉक्स गॅलरीत मुळीच नको, प्लास्टिकमध्ये गरम हवा कोंडते आणि जीव जाऊ शकतो.