कांस्य बुद्धमूर्तीचा प्रदेश ओळखताय? या चुका टाळा

ओळखीतलं कोणी संग्रहालयात गेलं की मला फोटो येतोच. काचेवर ट्यूबलाइट चमकत असते, मूर्तीचं अर्धं डोकं कापलेलं असतं आणि खाली प्रश्न असतो : "गांधार ना?" गांधार म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या वायव्येकडचा प्राचीन प्रदेश. हे उत्तर आपल्याकडे फार स्वस्त झालंय. केस कुरळे दिसले की गांधार, वस्त्राला घड्या दिसल्या की गांधार. खरं तर गांधार शैलीतल्या बुद्धाचे केस बहुधा लाटांसारखे मागे वळवलेले असतात. गोगलगाईच्या शंखासारख्या बारीक गुंडाळ्या रूढ झाल्या त्या गुप्तकाळात. आणि गांधारची बहुतेक शिल्पं दगडाची नाहीतर चुन्याची. धातूची त्यामानाने थोडी.

जिथे सापडली, तिथलीच?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर १९५०च्या दशकात एक बुद्धमूर्ती सापडली. उंची फक्त ८.४ सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. गळ्याभोवती आणि हाताला चामड्याच्या पट्टीचे अवशेष होते. ती घडली आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याच्या परिसरात, साधारण सहाव्या शतकात. आता एवढ्यावरून कोणी 'स्वीडनचा बुद्ध' म्हणणार नाही. पण मूर्ती मगधात सापडली की 'मगधशैली' म्हणून आपण डोळे मिटून मोकळे होतो. धातूची मूर्ती हलकी, झोळीतून जाणारी. भिक्खू, व्यापारी, यात्रेकरू तिला कुठेही नेत.

याची उलटी चूकही तेवढीच होते. गया जिल्ह्यातल्या कुर्किहारला १९३० मध्ये दोनशेहून अधिक धातुवस्तूंचा साठा मिळाला. त्यातल्या काही मूर्तींवरच्या लेखांत कांचीहून आलेल्या दात्यांची नावं आहेत. लेखात 'कांची' वाचलं की काहीजण लगेच मूर्तीलाच दक्षिणेची ठरवतात. लेख सांगतो तो देणाऱ्याचा गाव. घडवणाऱ्याचा हात पाहायचा असेल तर घडणच बघावी लागते, आणि ती पाल राजांच्या काळातल्या मगधाची आहे.

शेजारच्या वस्तूवरून काळ ठरवणं

ही चूक मी स्वतः केलीय, तीही आपल्याच सोपाऱ्याच्या बाबतीत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याजवळचं 'बुरुड राजाचा कोट' नावाचं टेकाड खणलं. आत स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, म्हणजे झाकणाच्या डब्या : तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि शेवटी सोनं. सगळ्यात आत बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. तांब्याच्या करंडकाभोवती कांस्याच्या आठ बैठ्या मूर्ती : सात मानुषी (मनुष्यरूपात होऊन गेलेले) बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. नाणं दुसऱ्या शतकातलं म्हणून मूर्तीही सातवाहनकाळातल्या, असं मी एकदा चार लोकांसमोर ठणकावून सांगितलं होतं. घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाकडे बोट दाखवते. म्हणजे जुनी पेटी नंतर कधीतरी उघडली गेली आणि मूर्ती तेव्हा आत बसवल्या. नाणं पेटीचा काळ सांगतं, मूर्तीचा सांगेलच असं नाही. या मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

चेहऱ्याआधी काठ बघा

आपली नजर पहिल्यांदा चेहऱ्यावर जाते. फसवतोही चेहराच, कारण पूजेत हात लागून लागून तो गुळगुळीत होतो. मी आधी वस्त्राचा खालचा काठ बघतो. आंध्रात, अमरावतीच्या वळणात, उजवा खांदा उघडा, चीवराच्या (भिक्खूच्या वस्त्राच्या) घड्या ठळक आणि काठ खाली जाड वळीसारखा फिरलेला. सारनाथच्या वळणात दोन्ही खांदे झाकलेले, पण वस्त्र ओल्या मलमलीसारखं अंगाला चिकटलेलं. घड्या जवळजवळ नाहीतच. मथुरेत त्याच घड्या दोरीसारख्या उमटतात.

पण कारागीर पाठ्यपुस्तक समोर ठेवून घडवत नव्हते. खानदेशाला लागून, बऱ्हाणपूरजवळच्या फोफनारला १९६४ मध्ये सात बुद्धमूर्ती मिळाल्या. वाकाटकांच्या आसपासचा काळ, शेजारी अजिंठा, आणि तरी आंध्राची छाप उघड दिसते. रामटेकजवळच्या हमलापुरीच्या मूर्तीही याच भावकीतल्या. इथे 'उत्तर की दक्षिण' हा प्रश्नच चुकीचा आहे. विदर्भ दोन्हींच्या वाटेवर होता.

एकाच खुणेवर निकाल देऊ नका, ते याचसाठी. डोक्यावर ज्वाला दिसली की 'थायलंड' म्हणणारे पुष्कळ. ज्वाला श्रीलंकेतही आहे, आणि तमिळनाडूतल्या नागपट्टिणमलाही. नागपट्टिणमला १८५६ पासून साडेतीनशेच्या आसपास बौद्ध कांस्यमूर्ती निघाल्या. राजराज चोळाच्या काळात सुमात्रातल्या श्रीविजय राज्याच्या राजाने तिथे चूडामणी विहार उभारला होता, म्हणजे समुद्रापलीकडचा राजा, चोळांचं बंदर आणि ओतणारे तमिळ कारागीर. प्रभाव इकडून तिकडे गेला असं एका बाणाने दाखवता येत नाही.

पाटीवरचं 'कांस्य' आणि खरा धातू

संग्रहालयाच्या पाटीवर 'कांस्य' हा सोयीचा शब्द असतो. बिहारमधल्या सुलतानगंजला १८६१ मध्ये रेल्वेचं काम चालू असताना निघालेला उभा बुद्ध आज बर्मिंगहॅमला आहे. उंची सुमारे २.३ मीटर, वजन ५०० किलोच्या वर, आणि धातू जवळजवळ शुद्ध तांबं. मेण वितळवून रिकाम्या केलेल्या साच्यात, आत मातीचा गाभा ठेवून ओतलेला. काश्मीरकडे पितळ जास्त, डोळ्यांत बहुधा चांदी जडवलेली. त्यामुळे पिवळी झाक दिसली तर नाक मुरडू नका, 'पितळी म्हणजे नवी' हा बाजारातला समज आहे.

आणखी एक गोंधळ : तीर्थंकराला बुद्ध समजणं. छातीवर श्रीवत्स, म्हणजे जैन मूर्तींवरचं शुभचिन्ह, असेल तर थांबा. चीवराची कड कुठेच दिसत नसेल तर नक्कीच थांबा.

फोटो काढणार असाल तर समोरून एक पुरे. बाकीचे बाजूने आणि जमल्यास मागून घ्या. प्रभावळ अडकवायची खुंटी, 'ये धर्मा हेतुप्रभवा' या बौद्ध श्लोकाचा लेख, सगळं पाठीवर किंवा पीठावर असतं. मात्र हा श्लोक आशियाभर कोरला जाई. त्याच्या असण्यावरून प्रदेश ठरत नाही, अक्षरांच्या वळणावरून ठरतो.

घरातल्या जुन्या मूर्तीला चिंच-मीठ लावून लख्ख करू नका. गडद, घट्ट बसलेला हिरवा-तपकिरी थर मूर्तीला सांभाळतो. फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर ती वेगळी गोष्ट, तो क्षाराचा रोग आहे; मूर्ती कोरड्या जागी ठेवून धातुसंवर्धकाला दाखवा. आणि शेत नांगरताना मूर्ती निघाली तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा अजून लागू आहे. तोवर माती तशीच राहू द्या. आतल्या गाभ्याचा कणही कधी कधी तज्ज्ञाला लेखापेक्षा जास्त सांगतो.