ईमेल पाठवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक 'टू'च्या रकान्यात होते. जत्रेचं निमंत्रण सगळ्या महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांना, पाठवायचं असतं आणि देवस्थान समितीतला कोणीतरी शे-दीडशे पत्ते सरळ 'टू'मध्ये चिकटवतो. फोंड्यातल्या, मुंबईतल्या, दुबईतल्या प्रत्येकाचा पत्ता मग प्रत्येकाकडे पोचतो. त्यांतल्या एकाचं खातं जरी कोणी फोडलं तरी अख्खी यादी फसवणाऱ्यांच्या हाती लागते. लोकांनी पत्ता समितीला दिलेला असतो, तो गावभर वाटायला नव्हे. त्यात एकाने 'रिप्लाय ऑल' (सगळ्यांना उत्तर) दाबून 'नक्की येतो' लिहिलं, की दिवसभर सगळ्यांचे फोन वाजत राहतात.

यावर उपाय असा: 'टू'मध्ये समितीचा स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे 'बीसीसी'त, म्हणजे ज्या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत तिथे. मग कोणी 'रिप्लाय ऑल' दाबलं तरी उत्तर समितीकडेच येतं.

मात्र बीसीसी लपवाछपवीसाठी वापरू नका. पंचायतीच्या सचिवांना तक्रार लिहिली, ओळखीच्या पंचाला गुपचूप बीसीसीत ठेवलं आणि त्या पंचाने 'रिप्लाय ऑल' दाबलं, तर ते उत्तर सचिवांपर्यंत जातं. तुमच्यापायी तो पंच विनाकारण उघडा पडतो. प्रत द्यायचीच तर सगळ्यांना दिसणाऱ्या 'सीसी'त, उघडपणे द्या.

विषयाच्या ओळीत नुसतं 'अर्ज' किंवा 'नमस्कार' नको. 'रहिवासी दाखला : १२ जूनच्या अर्जाबाबत' असं लिहिलं, तर कारकुनाला मेल उघडण्याआधीच काम कळतं. ओळखीच्या माणसाला नावापुढे 'बाब' (कोकणीतलं 'राव'सारखं आदराचं संबोधन) लावून लिहिलंत तरी चालेल. कार्यालयाला लिहिताना 'माननीय सचिव' बरं.

१९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी गोव्याची राजभाषा झाली, पण त्याच कायद्यात मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद आहे. तेव्हा कार्यालयाला मराठीत लिहायला बिचकू नका. फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर निव्वळ वेडीवाकडी चिन्हं होऊन दिसतो.

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक जाते. ती पाहायची परवानगी दिली आहे ना, हे तपासा, नाहीतर समोरच्याला परवानगी मागत बसावं लागतं. मर्यादेत बसते म्हणून २० एमबीचे फोटोही धाडू नका. सत्तरी तालुक्यातल्या गावात नेटवर्कची एकच काडी असेल, तर ते उतरवता उतरवता माणूस कंटाळतो. फोटो लहान करूनच पाठवा.

मेल पुढे पाठवताना खालचा जुना पत्रव्यवहार वाचून काढा. दोन महिन्यांपूर्वी कोणी कोणाबद्दल मोकळेपणाने लिहिलेलं वाक्य तिथे पडून असतं, आणि ते तिसऱ्याने वाचायचं नसतं.

पत्ता सर्वांत शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल निसटत नाही. तरी निसटलीच तर पाठवलेली मेल मागे घ्यायला जीमेलचं 'अनडू' आहे, पण ते मुळात ५ सेकंदच टिकतं. संगणकावर सेटिंग उघडून ते ३० सेकंद करून ठेवा. तेवढ्यात लक्षात आलं नाही, तर लगेच दुसरी मेल पाठवून चूक स्पष्ट सांगा आणि योग्य फाइल त्याच मेलला जोडा.