माहितीपटाखालच्या कॉमेंट्स कशा वाचाव्यात

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी वाड्यांवर आम्ही चौघांनी माहितीपट केला, यूट्यूबवर टाकला. खाली दोनशेच्या वर कॉमेंट्स आल्या. लोकांना आवडलं एवढंच काढायचं असेल तर त्या वाचायचीही गरज नाही.

आधी प्रश्न ठरवा, एकच. आमचा होता: वाड्याबद्दल बघणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त काय ठाऊक आहे?

मग कॉमेंट्स शीटमध्ये उतरवा. यूट्यूब आधी 'टॉप' दाखवतं, म्हणून क्रम 'न्यूएस्ट' करा. प्रत्येकीखालची उत्तरं उघडा, खरी चर्चा पुष्कळदा तिथेच रंगते. तारीख नुसती '२ वर्षांपूर्वी' अशी दिसते, तेव्हा उतरवल्याचा दिवस नोंदवा. नावांऐवजी क्रमांक द्या. माणसं तिथे घरातलं बोलतात.

शब्द शोधताना आपल्या बडोद्यात फार जपावं लागतं. मराठीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीत संपतं, तेही रोमन लिपीत. 'वाडा' देवनागरीत शोधला तर ही सगळी मंडळी सुटतात. रोमनमध्ये तो कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने, आणि 'व्ही'ने शोधलं की बटाटेवडाही हाती लागतो. म्हणून पहिल्या पन्नास कॉमेंट्स डोळ्यांनीच वाचा, स्पेलिंगांची यादी करा, मगच शोधा.

आता वर्ग पाडा: दाद, आठवण, प्रश्न, दुरुस्ती, वाद. एका कॉमेंटला दोन वर्ग चालतात. वीसेक कॉमेंट्सना दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे वर्ग लावायला द्या. जिथे जुळत नाही तिथे वर्गाची व्याख्या पक्की करा. दाद मोजा आणि बाजूला ठेवा. वेळ द्यायचा तो आठवण आणि दुरुस्तीला. पाहणाऱ्यांपैकी लिहिणारे थोडेच, त्यामुळे 'प्रेक्षकांचं मत' असं मात्र म्हणू नका.

व्हिडिओतली नेमकी वेळ लिहिलेल्या कॉमेंट्स वेगळ्या काढा. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल चालवणाऱ्याच्या पानावर, प्रेक्षक कुठवर टिकले याचा आलेख असतो, त्याच्याशी त्या ताडून पाहा. आमचा आलेख ४:१२ला मध्येच वर चढलेला. म्हणजे तो भाग लोक पुन्हा बघत होते किंवा थेट तिथेच येत होते. कारण कॉमेंटमध्ये सापडलं. एका आजींनी लिहिलं होतं, की तुम्ही स्वयंपाकघर म्हणता ते देवघर आहे, कोनाड्यात समईची काजळी बघा.

आम्ही परत गेलो. कोनाड्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, काळं झालं. त्याच संध्याकाळी दुरुस्तीची कॉमेंट लिहून सगळ्यांच्या वर पिन केली.