जुन्या कॅसेट डिजिटल करायला घेताय? आधी हेडचा स्क्रू बघा

डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचं, लाइन आउट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडायचं, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे रेकॉर्ड दाबायचं, हे तुम्हाला माहीत असणारच, ते मी सांगत बसत नाही. माझे चार महिने कुठे गेले ते सांगतो.

माझे काका कीर्तनकार. गावच्या हरिनाम सप्ताहातली त्यांची कीर्तनं १९८७ ते १९९५ कुणी ना कुणी टू-इन-वनवर टेप केलेली, सगळ्या मिळून ४३ कॅसेट. काका गेल्यावर मी त्या गोळा केल्या आणि दर रविवारी बसून उतरवल्या. सगळ्यांचा आवाज दबका, तोंडावर घोंगडी घेऊन बोलल्यासारखा. मला वाटलं टेप जुनी झाली, आता असंच असणार. एका अनुभवी माणसाला विचारलं तर म्हणाला सॉफ्टवेअरमधे ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) वाढव, सगळं होतं. वाढवली. टाळ काही आले नाहीत, मागचा सूं सूं आवाज तेवढा दुप्पट झाला.

मग तालुक्याच्या गावी जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक आजोबा भेटले. त्यांनी माझी कॅसेट लावली, बारीक स्क्रू ड्रायव्हर हेडजवळ, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाजवळ नेला, जेमतेम पाव वेढा फिरवला आणि चिपळ्या वाजायला लागल्या. त्याच कॅसेटमधे होत्या त्या, इतकी वर्षं. मला तिथं बसवेना.

आता हे नीट समजून घ्या, बाकी काही विसरलात तरी चालेल. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १०,००० हर्ट्झचा एक अख्खा तरंग टेपवर ४.७६ मायक्रॉनात बसतो, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून कमी. हेडमधली बारीक फट टेपला बरोबर काटकोनात लागते. ज्या टू-इन-वनवर रेकॉर्ड झालं त्याची फट केसभर तिरकी असेल आणि तुमच्या डेकची सरळ असेल, तर एवढा छोटा तरंग फटीच्या वरच्या टोकाला एक वाचला जातो नि खालच्या टोकाला दुसराच, आणि दोन्ही एकमेकांना मारतात. मृदंग नीट येतो, कारण त्याचे तरंग लांब. टाळ, चिपळ्या, ‘स’ आणि ‘श’ गायब. फटीच्या या कोनाला ॲझिमथ म्हणतात. आणि जे फाइलमधे उतरलंच नाही ते ट्रेबल वाढवून कुठून येणार?

करायचं कसं, तर हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तोच फिरवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. आधीची जागा मार्करनं खूण करून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर चुंबकीय नको. हेडफोन लावा, आवाज मोनो करा (डावा-उजवा एकत्र), कारण मोनोत चूक लगेच कळते, आणि टाळ किंवा ‘स’ जिथं आहे तिथं कॅसेट लावून अगदी हळू फिरवा, आवाज उघडेल तिथं थांबा. घाबरू नका, यानं कॅसेटला काहीही होत नाही. पण हे प्रत्येक कॅसेटला करायचं, साइड बदलली की परत करायचं, कारण एका घरचा टेप दुसऱ्या घरच्यासारखा नसतो.

बाकीचं पटकन. हेड आणि कॅपस्टन (टेप सरकवणारी फिरती दांडी) कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. टेप त्या दांडीवर दाबणारा रबरी पिंच रोलर चिकट झाला असेल तर बदलाच, टेप गुंडाळून घेणारा तोच. नवीन डेकवर पहिली कॅसेट कधीही घरची लावू नका, रद्दीतली लावा. अनेक वर्षं पडून राहिलेली टेप आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या. मात्र ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० वालीपेक्षा पातळ आणि १२० ची त्याहून, तिला सारखं रिवाइंड करू नका. वरचे टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. आवाज तरीही कमी-जास्त होत असेल तर कॅसेटच्या आतला, टेप हेडवर दाबणारा फेल्टचा प्रेशर पॅड गळून पडलाय का बघा. टू-इन-वनवर डॉल्बी (टेपचा सूं सूं आवाज कमी करायची सोय) बहुतेक नसायचंच, तेव्हा अशा कॅसेटना डॉल्बीचं बटण बंद ठेवा, चालू राहिलं तर आवाज अजून दबतो. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर लावूच नका, डेकलाही लागते आणि पुढच्या कॅसेटलाही.

ते स्वस्तातले यूएसबीचे प्लास्टिक प्लेअर घेऊ नका. माझं मत ठाम आहे. सुरुवात मीही त्यावरच केली होती आणि काकांचा आवाज लहरत होता. त्यापेक्षा एखादा जुना चांगला डेक आणि तो उघडून दाखवणारा एक म्हातारा मेकॅनिक शोधा, पन्नास व्हिडिओ बघण्यापेक्षा तो बरा.

आणि कृपा करून ओरिजिनल कॅसेट टाकू नका, कुणाला टाकूही देऊ नका. माझं पहिल्यांदा उतरवून झालं तेव्हा तीन कॅसेट मी ज्यांच्या त्यांना परत दिल्या होत्या, फाइलही दिली होती. स्क्रूचं कळल्यावर धावत गेलो तर त्यांनी घर रंगवताना त्या भंगारात दिलेल्या. त्यांची काय चूक, मीच झालं म्हणून सांगितलेलं. ४० कॅसेट मी परत उतरवल्या, पहिल्या ओवीपासून टाळ स्वच्छ ऐकू येतात. त्या तिघींतलं १९९१ चं काल्याचं कीर्तन मात्र माझ्याकडे अजून घोंगडीखालचंच आहे.