अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात पायलट व्हायला निघताना: तयारीची यादी

यादीतलं पहिलं काम कागदपत्रांचं नाही. शिकून झाल्यावर विमान उडवायचं कुठे, भारतात की अमेरिकेत, हे घरात बसून आधी ठरवा. बहुतेक घरांत हा प्रश्न "पोहोचल्यावर बघू" म्हणून बाजूला पडतो. पण पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे व्हिसा, कॉलेज, लॉगबुकातले (उड्डाणांच्या नोंदवहीतले) तास, परीक्षा, या एका उत्तरावर बदलते.

अमेरिकेत एअरलाइनमध्ये उडायला साधारण १,५०० तास लागतात. २००९च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जणांचा जीव गेला, त्यानंतरच्या कायद्याने ही अट आणली. मान्यता मिळालेल्या कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली आणि तिच्यात विमानविषयक किमान ३० क्रेडिट असले, तर तीच अट १,२५०वर येते. चार वर्षांच्या पदवीने ती १,०००पर्यंत खाली जाते. माहितीपत्रकांत ही सवलत ठळक छापलेली असते. पण तिचा खरा फायदा अमेरिकेत कायमची नोकरी करता येते त्याला. एफ-१ या स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला शिक्षण संपल्यावर वर्षभर ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या विषयातल्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येतं. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, म्हणजे उडायला शिकवायचा परवाना, असेल तर त्या वर्षात दुसऱ्यांना शिकवून तास जमवता येतात, तेही कोणी कामावर घेतलं तर. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे इथल्या विमान वाहतूक नियामकाच्या, कमर्शियल लायसन्सला २०० तास पुरतात. त्यामुळे परत यायचं असेल तर १,२५०च्या आकड्याला भुलून पैसे मोजू नका.

मग कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणारं स्थानिक कॉलेजच कशाला? नुसत्या फ्लाइंग स्कूलमध्ये मिळत नाही ते इथे मिळतं: फ्लाइंगच्या जोडीने हवामानशास्त्र, विमान कायदा, सुरक्षा, विमानतळ व्यवस्थापन आणि हातात पदवी. व्यवस्थापनाचे विषय मुलं ओझं म्हणून उरकतात. मला तोच या अभ्यासक्रमाचा सगळ्यात कमी लेखलेला भाग वाटतो. पायलटचं करिअर दर वेळी एका मेडिकलवर उभं असतं. ते गेलं तर विमानतळाचं ऑपरेशन्स, एअरलाइनचं डिस्पॅच (उड्डाणांचं नियोजन करणारा विभाग), सुरक्षा विभाग हे रस्ते उघडे राहतात. मात्र अमेरिकी डिस्पॅचर सर्टिफिकेटला वयाची २३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे विशीतल्या मुलाला ते लगेच मिळणार नाही.

जागा निवडताना नकाशा उघडा. वॉशिंग्टन राज्यातलं मोझेस लेक घ्या. तिथलं बिग बेंड कम्युनिटी कॉलेज जुन्या लार्सन हवाई तळाच्या आवारात आहे. हा तळ १९६६मध्ये बंद झाला, पण १३,५०० फुटांची धावपट्टी मागे राहिली. एवढी लांब पट्टी आणि मोकळं आकाश मिळाल्यामुळे जपान एअरलाइन्सने १९६८पासून चार दशकं आपले वैमानिक तिथे घडवले, जंबोसुद्धा तिथे उतरवून उतरवून शिकवली. गाव लहान, आजूबाजूला शेतं, कोरडी हवा. हिवाळ्यात मात्र त्या खोऱ्यात धुकं दिवसेंदिवस बसून राहतं आणि शिकाऊ पायलट जमिनीवर. इलिनॉयच्या शॅम्पेनमध्ये विद्यापीठाने आपली विमानविद्येची संस्था २०१४मध्ये बंद केली, ती तिथल्या पार्कलँड कम्युनिटी कॉलेजने चालवायला घेतली. अशी प्रत्येक जागेची आपली गोष्ट असते. जाहिरातीतल्या फोटोपेक्षा वर्षात उडण्याजोगे दिवस किती, विमानं किती आणि इन्स्ट्रक्टर किती टिकतात, हे तिथल्या मुलांना विचारा.

कॉलेजला ईमेल करताना मोघम विचारू नका. पहिला प्रश्न: फ्लाइंगच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी विद्यार्थ्याला तुम्ही आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा फॉर्म) देता का? सगळी कॉलेजं देत नाहीत. इंग्लिश किंवा अकाउंटिंग शिकायला येणाऱ्याला मिळतो, पायलट व्हायला येणाऱ्याला नाही, असंही होतं. दुसरा: आय-२० एफ-१चा की एम-१चा? एफ-१ हा पदवीच्या शिक्षणाचा व्हिसा, एम-१ हा व्यावसायिक प्रशिक्षणाचा, आणि अमेरिकेत गेल्यावर एम-१वरून एफ-१वर उडी मारता येत नाही. तिसरा: विमानं कॉलेजची की बाहेरच्या स्कूलची, आणि प्रशिक्षण पार्ट १४१खाली की पार्ट ६१खाली? पार्ट १४१ म्हणजे एफएएने, अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, मंजूर केलेला आखीव अभ्यासक्रम; पार्ट ६१ त्यापेक्षा मोकळा. पार्ट १४१मध्ये कमर्शियल लायसन्स १९० तासांत होऊ शकतं, पार्ट ६१मध्ये २५० तासांत.

भारतात परतणाऱ्याने इथे थांबून हिशेब करावा. १९० तासांत अमेरिकी लायसन्स हातात आलं तरी डीजीसीएचे २०० भरत नाहीत. त्यातही पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून १०० तास हवेत, आणि त्यांपैकी १५ अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांतले. पायलट इन कमांड म्हणून केलेलं ३०० नॉटिकल मैलांचं क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं) उड्डाण हवं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं बघून उडवल्याचे) तास वेगळे. डीजीसीएच्या अटींचा कागद छापून पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरच्या हातात द्या. त्याला एफएएचे नियम पाठ असतात, आपले नाही. नाही सांगितलं तर तो आपल्या परीने उत्तम शिकवेल आणि शेवटी दहा-वीस तास कमी निघतील. ते नंतर विकत घ्यावे लागतात.

आता मेडिकल. फी भरण्याआधी, आय-२० येण्याआधी, नातेवाइकांना सांगण्याआधी मेडिकल. डीजीसीएचं आधी क्लास टू होतं, मग कमर्शियल लायसन्सला लागणारं क्लास वन. बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचं एएफसीएमई हे हवाई दलाचं वैद्यकीय केंद्र ही क्लास वनची ओळखीची ठिकाणं. तारीख मिळायला वेळ लागतो हे धरून चाला. ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, रक्त, सगळं पाहतात. चष्मा असेल तर घाबरू नका. चष्मा लावून दृष्टी पूर्ण होत असेल तर तो अडसर नाही. मुलं अडतात ती रंगांवर. ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा दिसत नाही हे अनेकांना अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळतं, कारण तोवर कोणी विचारलेलंच नसतं. जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही तपासणी आधी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. एफएएचं मेडिकल वेगळं. २०२५पासून त्यांनी नव्या अर्जदारांची रंगदृष्टी संगणकावर तपासायला सुरुवात केली आहे. एफएएने मान्यता दिलेले डॉक्टर भारतातही आहेत, तेव्हा तेही निघण्यापूर्वी उरकता येतं. फॉर्ममध्ये जुनं आजारपण, ऑपरेशन, मानसोपचाराची औषधं काही लपवू नका. आजारापेक्षा लपवलेला आजार जास्त महाग पडतो.

मेडिकल हातात आलं की डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढा. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी लागते, आणि ती आपल्या विभागीय मंडळातून आणायला हेलपाटे पडू शकतात. मे-जूनमध्ये निकालाच्या धामधुमीत तिथे जाण्यात अर्थ नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसतील तर सध्याचा नियम काय आहे ते डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघा. आजवर आर्ट्स-कॉमर्सची मुलं हे दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देत आली आहेत. नंबर मिळाला की नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्सच्या परीक्षा जाण्यापूर्वीच द्या. पासिंग ७० टक्क्यांना आहे. परत आल्यावर देऊ म्हणणारे इथे येऊन पुस्तकात डोकं घालतात, आणि तोवर ते सहा महिन्यांतले १५ तास शिळे होतात.

व्हिसाचं काम त्यामानाने सरळ. आय-२० आल्यावर ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी, मग मुंबईतली मुलाखत. मात्र आय-२०वर लिहिलेल्या खर्चात फ्लाइंगची फी धरली आहे ना, हे बघा. कॉलेजची फी क्रेडिटवर असते, विमानाचं बिल वेगळं येतं आणि तेच मोठं असतं. बँकेतली रक्कम दोन्ही मिळून दाखवावी लागते. परदेशी पैसे पाठवताना टीसीएस (बँक तिथेच घेते तो कर) किती कापला जाईल आणि शैक्षणिक कर्जातून पाठवले तर काय फरक पडतो, हे सीएला विचारा. बजेटमध्ये ते बदलू शकतं.

व्हिसा मिळाला म्हणजे विमान मिळालं असं नाही. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेने परदेशी शिकाऊंसाठी वेगळी सुरक्षा तपासणी आणली. आज ती टीएसए या अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रामखाली होते. ऑनलाइन अर्ज, फी, बोटांचे ठसे, आणि मंजुरी आल्याशिवाय फ्लाइट ट्रेनिंग सुरू होत नाही. पासपोर्टवरचं नाव आणि बाकीच्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून ठेवा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी येत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पैशांबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना आधी कळते. कॉकपिटमध्ये हॉब्ज मीटर नावाचा छोटा काउंटर असतो. इंजिन चालू झालं की तो सरकायला लागतो, दर सहा मिनिटांनी एक दशांश. धावपट्टीकडे हळूहळू जाताना, रांगेत थांबताना, "पुढे काय करायचं होतं?" म्हणून चेकलिस्ट चाळताना तो थांबत नाही. बिल बहुतेक ठिकाणी त्याच्यावरच येतं. म्हणून घरी खुर्चीत बसून, डोळे मिटून, हात हलवून प्रत्येक क्रिया तोंडाने म्हणत सराव करा. आई-बाबा हसतील, हसू द्या. एफएएची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, तीच आधी वाचा. प्रायव्हेट पायलटची लेखी परीक्षा ६० प्रश्नांची असते आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. ती सुरुवातीलाच उरकली तर पुढे उडताना डोकं मोकळं राहतं. रेडिओवरचं इंग्लिश मात्र पुस्तकातून येत नाही. टॉवरचं बोलणं रोज अर्धा तास ऐकत राहा. सुरुवातीला चारातला एक शब्द कळतो, मग कान बसतो.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गरम कपडे, सर्व मूळ गुणपत्रिका, लसीकरणाचे कागद, चष्म्याची दुसरी जोडी. हेडसेट तिथेच घ्या, आधी स्कूलचा वापरून बघा. इंधन तपासायची पारदर्शक नळी मिळेल तेव्हा तिचं काम नीट शिका. सेस्ना १७२च्या नव्या एस मॉडेलला इंधन काढून बघायच्या १३ जागा आहेत. थंडीत बोटं आखडलेली असताना शेवटच्या दोन-तीन सोडून द्यायचा मोह होतो. १०० एलएल इंधन निळं असतं, पाणी त्याहून जड, तळाशी वेगळा बुडबुडा करून बसतं. नळी आकाशाकडे धरून बघायची, आणि रंग फिका वाटला तर इन्स्ट्रक्टरला हाक मारायची. तेराच्या तेरा जागा, रोज.

परतताना दोन कामं विमानात बसण्यापूर्वीच करा. लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर बेरीज जुळवून इन्स्ट्रक्टरची सही घ्या, सगळ्या पानांचे स्कॅन काढून वेगळ्या ठिकाणी ठेवा. तुमच्या लायसन्सची खातरजमा एफएएकडून डीजीसीएला पोहोचावी लागते. तिची विनंती अमेरिकेत असतानाच टाका, आणि दिलेल्या अर्जाची प्रत फाइलला लावा.