चिनी ग्रंथसंग्राहकांच्या याद्या वाचायच्या, तर सुरुवात कुठून?

ग्रंथालयशास्त्र शिकून चीनच्या जुन्या ग्रंथसंग्रहांकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटले की बहुतेकांचा बेत एकच असतो: 'सिकू छुआनशू' या अठराव्या शतकातल्या दरबारी ग्रंथसंग्रहाच्या सूचीपासून सुरुवात करायची. मी त्यांना सांगतो, तिथून नका सुरू करू. छ्येनलोंग बादशहाने १७७२ मध्ये देशभरातून पुस्तकं मागवली आणि ची युन व त्याच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांवर ग्रंथांची परीक्षणं लिहून सूची केली. काम अफाट आहे, भाषाही भारदस्त. पण समोरची प्रत कोणत्या छापाची, तिची किती पानं गहाळ आहेत, ती कुणाकुणाच्या हातून आली, यावर ही सूची सहसा फारसं बोलत नाही. शिवाय दरबाराच्या डोळ्यांत खुपणारे कित्येक ग्रंथ याच मोहिमेत जप्त झाले, जाळले गेले. सुरुवातीलाच या सूचीवर विसंबलात, तर पुस्तकांकडे दरबाराच्या नजरेने बघायची सवय लागते आणि ती लवकर सुटत नाही.

त्यापेक्षा एका संग्राहकाचं घर धरा. मी पूर्व चीनमधल्या निंगबो शहरातलं थ्येनई ग हे खाजगी ग्रंथगृह धरलं. फान छिन हा मिंग काळातला (१३६८–१६४४) अधिकारी. नोकरीतून परतल्यावर १५६१ ते १५६६ च्या सुमारास त्याने हे दुमजली ग्रंथगृह बांधलं. वर एकच सलग दालन, खाली सहा खोल्या आणि समोर तळं. आगीपासून बचाव हा सगळ्या रचनेमागचा हेतू. पुस्तकांची वाटणी करायची नाही आणि पुस्तक इमारतीबाहेर न्यायचं नाही, हा घराण्याचा दंडक. नियम मोडणाऱ्याला शिक्षाही ठरलेल्या होत्या. विनाकारण दार उघडून आत गेलेल्या वारसाला तीन वेळा पितरांच्या पूजेला बसता येत नसे. पाहुण्याला परवानगीशिवाय आत नेलं तर वर्षभर मनाई, पुस्तक बाहेर उसनं दिलं तर तीन वर्षं, आणि गहाण टाकलं किंवा विकलं तर कायमचं बहिष्कृत. पितृपूजेतून वगळणं ही त्या समाजात केवढी नामुष्की होती हे लक्षात घेतलं की नियमांचा कडकपणा कळतो. बाहेरच्या माणसाला वर जायची परवानगी मिळाली ती थेट १६७३ मध्ये, हुआंग चोंगशी या विद्वानाला. त्याने तिथल्या ग्रंथांची यादी केली आणि पुढे लिहून ठेवलं की पुस्तकं वाचणं अवघड, जमवणं त्याहून अवघड, आणि जमवलेली दीर्घकाळ विखरू न देणं सगळ्यात अवघड.

एवढं वाचून झालं की मग सिकूच्या सूचीकडे या. तिथे प्रत्येक ग्रंथनामाखाली बारीक अक्षरांत एक टीप असते, प्रत दरबारात कुठून आली एवढंच सांगणारी. 'चच्यांगमधील फान माओचू यांच्या घरची थ्येनई ग प्रत' अशी टीप पुन्हा पुन्हा भेटते. फान घराण्याने सहाशेहून जास्त ग्रंथ दरबारात पाठवले होते. बक्षीस म्हणून त्यांना एक प्रचंड मुद्रित ज्ञानकोश मिळाला आणि त्यांच्या इमारतीचा नमुना राजवाड्यातल्या ग्रंथगृहासाठी घेतला गेला. पाठवलेली पुस्तकं मात्र बहुतांशी परत आली नाहीत. या टिपा वेगळ्या काढून वहीत उतरवणं हा नवशिक्यासाठी उत्तम सराव आहे.

वर्गीकरणाची भीती बाळगू नका. चिंग, श, त्झ, ची हे चार विभाग: प्रमाणग्रंथ, इतिहास, विचारवंत, साहित्यसंग्रह. सिकूच्या प्रतींना विभागवार हिरवी, तांबडी, निळी आणि करडी रेशमी आवरणं होती, त्यामुळे विभाग लांबूनच कळे. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाची सवय झालेल्यांना वैद्यक, शेती आणि युद्धशास्त्र हे सगळं विचारवंतांच्या रांगेत बघून गंमत वाटते. खाजगी संग्राहक या चौकटीत मुकाट बसत नव्हते, हे जास्त महत्त्वाचं. शाओशिंगच्या छी छंगहानने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच एका ग्रंथाची नोंद गरजेप्रमाणे दोन विभागांत करायची आणि संग्रहात दडलेला छोटा ग्रंथ वेगळा नोंदवायचा, असे नियम लिहिले होते. आपल्याकडे आडसंदर्भ म्हणून शिकवतात ते हेच.

पण खरी चव आहे ती सुचौच्या हुआंग फीलिएच्या (१७६३–१८२५) टिपणांत. हा सोंगकालीन (९६०–१२७९) छापांसाठी वेडा झालेला माणूस. आपल्या दालनाला त्याने 'शंभर सोंग एका घरी' असं नाव दिलं होतं आणि वर्षअखेरीस तो पुस्तकांची पूजा मांडत असे. पुस्तकाच्या शेवटी तो लिहायचा: कुठल्या दुकानदाराने आणलं, काय किंमत सांगितली, कुणाच्या प्रतीशी ताडून पाहिलं. एकाच पुस्तकावर वर्षावर्षांच्या अंतराने लिहिलेल्या टिपा सापडतात. मला तरी कुठल्याही दरबारी सूचीपेक्षा या टिपांतून बाजार आणि माणसं जास्त कळली. बाजार तेजीत होता हे आधीच्या काळातही दिसतंच. छांगशूच्या माओ चिनने (१५९९–१६५९) सोंग छापाला पानामागे दोनशे नाणी देऊ अशी पाटीच दारावर लावली होती म्हणतात. तीनशे साठ धंद्यांत माओला पुस्तकं विकण्यासारखा धंदा नाही, अशी म्हण तिथे पडली.

पैसा आला की लबाडीही आली. म्हणून पान बघायला शिका. अर्ध्या पानात किती ओळी, ओळीत किती अक्षरं, मधल्या घडीवर माशाच्या शेपटीची खूण कशी आहे, सगळं नोंदवा. छापाच्या वेळी सत्तेवर असलेल्या राजवंशातल्या बादशहांच्या नावातलं अक्षर पूर्ण लिहायचं नाही, शेवटची रेघ गाळायची, असा रिवाज होता. त्यावरून छापाचा काळ ताडता येतो. मात्र जुन्या प्रतीवर पातळ कागद ठेवून गिरवलेल्या नकलेत गाळलेली रेघही तशीच उतरते, त्यामुळे नुसत्या त्या पुराव्यावर निकाल देऊ नका. मिंग काळातली प्रस्तावना फाडून पुस्तक सोंग म्हणून विकणं तर नेहमीचंच. शिक्के वाचा, पण तेही खोटे असू शकतात. भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे पाठभेद ताडून पाहणं ज्यांना माहीत आहे, त्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही.

भाषेबद्दल स्पष्ट सांगतो. बोलीभाषेच्या परीक्षा पास होऊन इथे फारसं भागत नाही. पारंपरिक लिपी आणि विरामचिन्हांशिवायची अभिजात चिनी लागते. एका माणसाची चार-पाच नावं असतात, शिवाय अभ्यासिकेचं नाव वेगळं आणि शिक्क्यावर बहुधा तेच. पहिल्या दिवसापासून नावांची स्वतःची वही ठेवा. प्रतींसाठी चीनला जाण्याची सुरुवातीला गरज नाही. हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाने दुर्मीळ प्रतींची पानं ऑनलाइन मोफत ठेवली आहेत, आणि मजकूर शोधायला 'चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट' आहे.

नोकऱ्या थोड्या आहेत. भारतात शांतिनिकेतनचं चीना भवन (१९३७) किंवा जेएनयूसारख्या मोजक्याच जागा, बाकी परदेशातली पूर्व आशियाई ग्रंथालयं. तिथे अर्ज करताना 'मला चिनी संस्कृतीची आवड आहे' हे वाक्य टाळा. त्याऐवजी एका पुस्तकाचा प्रवास दोन-तीन पानांत लिहून जोडा. हुआंगकडची काही पुस्तकं सुचौच्याच वांग शचोंगकडे गेली, तिथून शांघायच्या यू घराण्याकडे, मग हूचौच्या लू शिनयुआनकडे, आणि लूच्या वारसांनी १९०७ मध्ये संग्रह विकल्यावर टोकियोच्या सेईकादो ग्रंथालयात. यातल्या प्रत्येक घराची सूची किंवा टिपणं आज मिळत नाहीत, पण जी मिळतात ती शेजारी ठेवून एकाच प्रतीच्या नोंदी ताडून दाखवा. निवड करणाऱ्याला उमेदवार काय करू शकतो हे त्यातून लगेच कळतं.