समांतर विश्वांत फिरणाऱ्या मित्रांचा एपिसोड कसा लिहावा

नवे लेखक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या वहीत विश्वांची लांबलचक यादी असते. मी म्हणते, ती राहू द्या, आधी मित्र लिहा. कोण कोणाचं बोलणं मध्येच तोडतं, कोण उसने घेऊन विसरतं, कोणाला सतत आपलंच खरं वाटतं, हे पानभर उतरलं की मग विश्वाकडे वळा.

'कम्युनिटी' या अमेरिकन विनोदी मालिकेतला २०११ सालचा फाशाचा एपिसोड नीट बघा. पिझ्झा घ्यायला खाली कोण जाणार यासाठी फासा टाकतात. आकड्यागणिक एक वेगळं विश्व तयार होतं; दर वेळी वेगळा मित्र खाली जातो आणि त्याच्याविना वर काय होतं ते दिसतं. खोली तीच, मंडळी तीच, तरी एक जण नसला की सगळ्यांचे सूर बदलतात. विनोद कुठून येतो हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता विश्व. त्यात एकच नियम बदला. माझ्या सध्याच्या एपिसोडमध्ये ज्याच्यावर कर्ज जास्त त्याला मान जास्त, कारण तितक्या लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. मग पै-पैचा हिशोब ठेवणारी नीला काउंटरवर लगेच पैसे पुढे करते आणि पलीकडचा माणूस पांढराफटक पडतो. "रोख? बाई, माझं काही चुकलं का?" मागे रांगेत कुजबुज सुरू होते. आणि आयुष्यभर उधारीवर जगलेला बंड्या? त्याला तिथे महापौर करतात.

हा नियम कोणाच्या तोंडून समजावून देऊ नका, रस्त्यावर दिसू द्या. १९९५ साली सुरू झालेल्या 'स्लायडर्स' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात नायक दुसऱ्या विश्वात पोचतो तेव्हा तिथे लाल दिव्याला गाड्या सुटतात आणि हिरव्याला थांबतात. प्रेक्षकाला तेवढं पुरतं.

विज्ञानावर पानं खर्च करू नका. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये अनेक विश्वांची कल्पना मांडली, पण त्यात एकातून दुसऱ्यात जायची सोय नाही. प्रवास आपणच रचलेला आहे, तेव्हा एक यंत्र आणि एक वाक्य बास. यंत्राला अट मात्र हवीच. 'स्लायडर्स'मध्ये टायमरची वेळ हुकली तर त्या विश्वातून निघायची पुढची संधी जवळजवळ तीस वर्षांनी! घड्याळ असं डोक्यावर असलं की साधं भांडणही रंगतं.

डबल रोलचा मोह सगळ्यांना होतो. त्या विश्वात भेटणाऱ्या मित्राच्या प्रतिरूपाला खलनायक करू नका. आपल्या मित्राने जो एक निर्णय टाळला तो प्रतिरूपाने घेतलेला असू द्या, बाकी सगळं सारखं.

सर्वांत जास्त वेळ शेवटाला द्या. कोणातरी एकाला तिथेच राहायचं असतं आणि त्याला हलवणारी गोष्ट मैत्रीतूनच निघाली पाहिजे. टायमर वाजला म्हणून निघाले, हे मी कापते. माझा बंड्या खुर्ची सोडायला तयार नाही. तेव्हा कधीच कोणापुढे हात न पसरलेली नीला भर सभेत उभी राहते. "बंड्या, मला पैसे हवेत. परत करणार नाही." बंड्या खुर्चीवरून उठतो.